बालपणाची साक्ष आणि निर्मूलनाचा विचार

१

मराठी वाङ्मयातील सुधारणेचा इतिहास बहुतांशी संस्थापकांनी लिहिलेला आहे. ज्यांनी आश्रम काढले, वसतिगृहे चालविली, वर्गणीसाठी गावोगाव हिंडले, त्यांची चरित्रे आणि आत्मवृत्ते आपल्यापाशी आहेत. धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले, आणि १८९६ साली स्थापन झालेल्या अनाथ बालिकाश्रमाची उभारणी कशी झाली हे आपण त्यातून जाणतो. परंतु ज्यांना अशा संस्थांत ठेवण्यात आले, ज्यांच्या जेवणाची, झोपेची, अभ्यासाची आणि वर्तनाची नोंद कुणीतरी ठेवली, त्यांचा आवाज ह्या वाङ्मयात फार उशिरा उमटला. तो उमटला तेव्हा त्याने संस्थापकांना न सुचलेला एक प्रश्न विचारला. 'ही संस्था चांगली कशी चालेल?' हा तो प्रश्न नव्हे. 'ही संस्था मुळात असावीच का?' हा तो प्रश्न होय.

ह्या दोन प्रश्नांमधील अंतर मराठीला अपरिचित नाही. जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि दहा वर्षांनी, १८७३ साली, 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचन करणाऱ्या लोकांना अर्पण केला. म्हणजे निराधाराला निवारा देणे आणि दास्याची व्यवस्थाच नाहीशी करणे, ही दोन्ही कार्ये एकाच पुरुषाच्या ठायी नांदत होती. निवारा उभारावयाचा असतो, दास्य मोडावयाचे असते, याविषयी त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. गोंधळ उत्पन्न झाला तो पुढच्या शतकात, जेव्हा दास्यानेच निवाऱ्याचे नाव घेतले. ह्या गोंधळात वाढलेल्या मुलांनी पुढे जे लिहिले, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. बालपणी अशा व्यवस्थेचा हात अंगावर पडलेला माणूस पुढे ती सुधारण्याऐवजी नाहीशी करण्याची मागणी का करतो, आणि वाङ्मयाच्या दृष्टीने त्या मागणीला केव्हा बळ येते, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

२

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, हे सर्वश्रुत आहे. त्याच कायद्याचे दुसरे अंग मात्र आपल्या समीक्षेत क्वचितच चर्चिले जाते. हा कायदा जितका प्रौढांसंबंधी होता तितकाच मुलांसंबंधीही होता. १८९७ च्या दुरुस्तीने अशा जमातींतील चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारवसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ साली हा कायदा मुंबई इलाख्यासह देशभर लागू करण्याची सोय झाली. १९२४ साली तो नव्याने संकलित झाला, आणि मुलांना वेगळे काढून औद्योगिक, शेतकी वा सुधारशाळांत घालण्याची तरतूद त्यातही कायम राहिली. वय सहाच्या पुढचे धरले, एवढाच काय तो फरक. ह्या तरतुदीमागची भाषा दंडाची नव्हती. ती कल्याणाची होती. मूल वाचवावयाचे, तर त्याला आईपासून वाचविले पाहिजे, असा तो तर्क होता.

सोलापूर, विजापूर, हुबळी येथे ज्या वसाहती झाल्या त्यांना सरकारी दप्तरात 'सेटलमेंट' म्हणत, आणि मराठीने व कन्नडने तो शब्द तसाच उचलला. तारेचे कुंपण, ठरल्या वेळेची हजेरी, बाहेर जावयाचा पास आणि कुंपणाच्या आत मुलांची शाळा, हे सर्व त्या एका शब्दात सामावले होते. सोलापुरात 'सेटलमेंट' हे आजही वस्तीचे नाव आहे, आणि कुंपणाबाहेर राहण्याची मुभा मिळालेल्यांच्या वस्त्यांना 'फ्री कॉलनी' म्हणतात. मराठी-कन्नड भाषांतराचे काम करताना मी ह्या शब्दांपाशी नेहमी अडते. 'वसाहत' म्हटले तर कुंपण हरवते. 'तुरुंग' म्हटले तर शाळा हरवते. ज्या शब्दाला प्रतिशब्द मिळत नाही त्यात बहुधा एखादा ऐतिहासिक खोटेपणा दडलेला असतो. येथे तो असा की, शाळा आणि तुरुंग ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे आपण मानतो, आणि 'सेटलमेंट' ह्या शब्दाला ते मान्य नाही.

इतिहासाची आणखी एक गाठ ध्यानात घेण्याजोगी आहे. मुंबई इलाख्यात ह्या वसाहतींचा कारभार पाहणारे ओ. एच. बी. स्टार्ट हेच अधिकारी अस्पृश्य व आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. १९२८ साली नेमलेल्या आणि १९३० साली अहवाल देणाऱ्या त्या समितीचे डॉ. आंबेडकर हे एक सभासद होते. शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांना त्या समितीच्या विचारात महत्त्वाचे स्थान होते. कुंपणाची वसाहत आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह ह्या दोन वास्तू अशा रीतीने एकाच प्रशासकीय विचाराच्या छायेत येतात. त्या एकच नव्हेत, हे उघड आहे. वसतिगृहाच्या दारातून मूल आपण होऊन आत येते. वसाहतीच्या दारातून ते आणले जाते. परंतु आतल्या मुलाला हा भेद कसा कळावा? त्याला दोन्हीकडे घंटा ऐकू येते, दोन्हीकडे त्याचे नाव पुकारले जाते. हा भेद ज्याला पुढे कळला, आणि कळताना ज्याचे बालपण त्याच्या कामी आले, त्याचे लेखन आपल्याला हवे आहे.

३

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास लाभला. लेखकाचे जन्मवर्ष १९५२ असे दिले जाते. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. लातूरजवळच्या धनेगावातील हा मुलगा म्हणजे कायदा संपता संपता जन्मलेला, आणि कुंपणाच्या आत कधी न राहिलेला मुलगा होय. तरीसुद्धा त्याच्या बालपणात हजेरी आहे, झडती आहे, पोलिसांना वचकून असलेले घर आहे. कायदा गेला, पण त्याने लावलेली सवय गावात आणि चौकीत राहिली. आपल्या विषयासाठी हे पुस्तक म्हणूनच कळीचे ठरते. ज्याने कुंपण पाहिले त्याला कुंपण मोडावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ज्याने ते पाहिलेच नाही, परंतु ज्याच्या घरात ते अदृश्य रूपाने शिल्लक राहिले, त्याला केवळ कुंपण काढून भागत नाही हे कळते. निर्मूलनाची श्रद्धा खरी येथून सुरू होते.

पुस्तकातील दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. पहिला मुलांच्या शिक्षणाचा. पण ते शिक्षण चोरीचे. जमातीतील मोठी माणसे मुलांना मारतात, मार सोसावयाची सवय लावतात. पुढे पोलिसांच्या हाती सापडल्यावर तोंडातून नाव फुटू नये म्हणून. दुसरा प्रसंग शाळेचा. लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो, वस्तीतील मुलांना उलट्या-जुलाब होतात, आणि जमातीची माणसे त्याचा दोष त्याच्या शाळेवर ठेवतात. वरवर पाहता दोन्ही प्रसंगांत जमात अडाणी आणि निर्दय दिसते, आणि सुधारकाचा युक्तिवाद सिद्ध झाल्यासारखा वाटतो. हे मूल अशा आईबापांपासून दूर नेलेलेच बरे, असे म्हणावयास १८९७ चा कायदेपंडित येथे मोकळा आहे.

परंतु गायकवाडांचे कौशल्य असे की, त्यांनी हा युक्तिवाद खोडण्यासाठी एक शब्दही खर्च केलेला नाही. त्यांनी फक्त मारामागचे कारण मुलाच्या पातळीवरून सांगितले. घरचा मार हा चौकीतल्या माराची तालीम आहे. बाप निर्दय आहे तो राज्याने त्याला ज्या जागी उभे केले त्या जागेमुळे. तो आपल्या मुलाला राज्याच्या हातापासून वाचविण्यासाठी राज्याचाच हात उसना घेतो. शाळेची भीतीही तशीच. ज्या लोकांनी बाहेरच्या वहीत आपले नाव लिहिले गेलेले फक्त हजेरीसाठी आणि आरोपासाठी पाहिले, त्यांना मुलाच्या हातातील पाटीपुस्तक संशयास्पद वाटले तर नवल नाही. घर आणि चौकी ही परस्परविरोधी नसून एकमेकांत गुंतलेली आहेत, हे मुलाला तत्त्व म्हणून कळत नाही. ते त्याला अंगावर कळते. वाचकालाही ते तसेच कळते. निर्मूलनवादाचा सर्वांत कठीण सिद्धान्त, म्हणजे ज्या दोषाच्या नावाने व्यवस्था हस्तक्षेप करते तो दोष पुष्कळदा तिनेच घडविलेला असतो, येथे एका पाठीवरच्या वळाने सांगितला गेला आहे.

उत्तरार्धात लेखक गिरणीतील कामगार होतो, संघटना बांधतो, मोर्चे आणि निवेदने यांत गुंततो. समीक्षकांनी हा भाग सैल आणि अहवालवजा आहे असे म्हटले आहे, आणि ते खोटे नाही. अनुभूतीची घनता तेथे विरळ होते. मात्र ही विरळता केवळ लेखकाची उणीव मानून सोडून देणे मला पुरेसे वाटत नाही. ज्याच्या घरातील माणसांची नावे पोलिसांच्या वहीत होती, तो आता स्वतः अर्ज लिहितो आहे. अर्जाची भाषा रुक्षच असते. कलाकृती म्हणून हा भाग उणा आहे; श्रद्धेचा आलेख म्हणून तो आवश्यक आहे. बालपणाची साक्ष मागणीत रूपांतरित होताना वाङ्मयाचे काय होते, हे त्या सैलपणातच दिसते.

१९९८ साली साहित्य अकादमीने ह्या पुस्तकाचे पा. अ. कोल्हारकरकृत इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्याचे नाव 'द ब्रँडेड'. भाषांतरकाराची अडचण मी समजू शकते. तथापि ह्या नावाने अर्थाचा तोल बदलतो. 'द ब्रँडेड' म्हणजे ज्यांना डागले ते; येथे डागणारा बाहेर उभा आहे, आणि वाचकाची सहानुभूती ताबडतोब जागी होते. 'उचल्या' हे नाव अशी सोय देत नाही. ते शिवीसारखे आहे, व्यवसायाचे आहे, जमातीचे आहे आणि पुस्तकाच्या पाठीवर लेखकाच्या नावाशेजारी छापलेले आहे. डाग आणि नाव एकच झाले आहेत. हा डाग सोलून काढला तर खाली माणूस सापडेल, असे सुधारक मानतो. त्वचा तीच ठेवून डाग देणारे लोखंडच मोडले पाहिजे, असे निर्मूलनवादी म्हणतो. मराठी नावात हा दुसरा विचार आहे. इंग्रजी नाव पहिल्या विचाराकडे झुकते.

४

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो मराठी वाङ्मयातूनच यावा हे योग्य आहे. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा. आई दुसऱ्या गावी निघून जाते आणि मुलगा आजोबांच्या घरी वाढतो. ते घर त्याला राबविते, मारते, उपाशी ठेवते. शिक्षण हीच त्याची सुटका. त्या वाटेने तो पुढे डॉक्टर झाला. येथे राज्याचा हात मुलावर पडलेला नाही; त्या हाताची अनुपस्थितीच मुलाला जाचते. अशा मुलाला 'संस्था नकोत' हे तत्त्वज्ञान सांगणे क्रूरपणाचे ठरणार नाही काय?

दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्येही संगमनेरच्या वसतिगृहातील दिवस आहेत. ते दिवस सुखाचे नाहीत. परंतु त्या आठवणींतून वसतिगृह बंद करा अशी मागणी निघत नाही. लाज आणि राग यांचा रोख तेथे जातीकडे आहे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) मधील पोरका मुलगाही अक्षराची वाट सोडत नाही. दलित आत्मकथनांत शाळेने अपमान केला आहे, आणि तरी शाळेवरचा हक्क कुणी सोडलेला नाही. स्वतः आंबेडकरांनी लहानपणी शाळेत पाण्यासाठी सोसलेला अपमान लिहून ठेवला आहे. १९३६ साली त्यांनी जातिसंस्थेची सुधारणा नाकारून तिच्या उच्छेदाची भाषा केली, शाळेच्या उच्छेदाची नव्हे.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने माझे मूळ म्हणणे अधिक नेमके होते. मराठीतील निर्मूलनाचा विचार आश्रयाच्या विरुद्ध नाही. तो आश्रयासाठी लावलेल्या अटीच्या विरुद्ध आहे. मुलाने भाकरी खावी, पण त्यासाठी आईला गुन्हेगार ठरवावे लागू नये. त्याने अक्षर शिकावे, पण त्यासाठी आपली भाषा आणि आपले कूळ लाजिरवाणे मानावे लागू नये. काळे यांच्या पुस्तकातील मुलगा आणि गायकवाडांच्या पुस्तकातील मुलगा ह्या एका बाबतीत एकमेकांचे भाऊ आहेत. काळे यांनी आपल्या नावात आईचे नाव घातले. ज्या व्यवस्थेने आईला समाजबाह्य ठरविले, तिच्याकडून मुलाने शिक्षण घेतले, पण तिचा निवाडा घेतला नाही. शिक्षण आणि निवाडा यांची ही फारकत म्हणजेच त्या श्रद्धेचा गाभा होय.

५

हा अनुभव एका भाषेचा नव्हे. ज्या नंजनगूड तालुक्यात बसून मी हे लिहिते आहे, त्यातीलच देवनूर हे देवनूर महादेव यांचे गाव. त्यांच्या 'ओडलाळ' ह्या कन्नड कादंबरिकेत साकव्वाच्या घरात धनिकाच्या शेंगांचे पोते येते, सारे कुटुंब रात्रभर शेंगा फोडून खाते, आणि मग पोलीस झडतीला येतात. ही आत्मकथा नव्हे, आणि तेथे कुणी कायद्याविरुद्ध भाषणही करीत नाही. पण त्या घरात मुले आहेत. ती त्या रात्रीची तृप्तीही पाहतात आणि सकाळची झडतीही पाहतात. वाचकाला मोठ्यांच्या चोरीचा न्याय करावयाचा धीर होत नाही, कारण मुलांचे खाणे त्याच्या डोळ्यांसमोर असते. जे 'उचल्या'ने अनुभवाच्या साक्षीने केले, ते महादेवांनी निव्वळ रचनेने केले. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. बालपणाचा अनुभव श्रद्धेला जन्म देतो तो लेखकाने तो स्वतः भोगला म्हणूनच, असे नाही. मुलाच्या दृष्टीची उंची लेखकाने प्रामाणिकपणे राखली, ह्याला तितकेच महत्त्व आहे.

जगातील अन्य वाङ्मयांतही ही साक्ष आज पुढे येत आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडल्याची चौकशी झाली आणि १९९७ साली अहवाल आला. कॅनडातील निवासी शाळांविषयीच्या सत्यशोधन आयोगाने २०१५ साली आपले काम पुरे केले. दोन्हीकडे प्रौढांनी सांगितलेल्या बालपणाच्या आठवणी हाच पुराव्याचा मोठा आधार होता. अमेरिकेतील विधिज्ञ डोरोथी रॉबर्ट्स यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात मुलांना कुटुंबापासून तोडणारी बालकल्याण यंत्रणा सुधारण्यापलीकडे गेली असून ती नाहीशी केली पाहिजे असे मांडले. त्यांनी गुलामगिरीच्या काळी विकल्या गेलेल्या मुलांपर्यंत हा धागा मागे नेला आहे. फुले यांनी 'गुलामगिरी' ज्यांना अर्पण केली त्यांच्याच वारशाची भाषा दीडशे वर्षांनी बालकाच्या प्रश्नावर येऊन ठेपते, हे मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे. मात्र ही परकी परिभाषा जशीच्या तशी आणून आपल्या पुस्तकांवर चिकटविणे बरे नव्हे. तेथील वादात कुटुंब हे एक मोकळे, स्वायत्त ठिकाण म्हणून उभे राहू शकते. आपल्याकडे कुटुंबामागे जात उभी असते आणि जातीमागे पंचायत. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) मधील कैकाडी मुलाला एका बाजूने गावची शाळा नाकारते, तर दुसऱ्या बाजूने जातीची पंचायत दंड करते. येथे केवळ राज्याचा हात दूर केल्याने मूल मोकळे होत नाही. म्हणून मराठीतील निर्मूलनाला दोन तोंडे असावी लागतात, आणि आपल्या उत्तम आत्मकथनांना ती आहेत.

६

श्रद्धा आणि कायदा यांचे नाते अखेरीस पाहिले पाहिजे, कारण ह्या पुस्तकांची किंमत केवळ वाङ्मयीन नाही. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा गेला आणि सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्यात १९५९ साली, म्हैसूर राज्यात १९६१ साली. जमातीचे नाव खोडले, वही कायम राहिली. १९९८ साली बंगालमध्ये बुधन शबर ह्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाल्यानंतर महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी मंच उभा केला. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने सवयीच्या गुन्हेगारांचा कायदा रद्द करावा अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरविली, आणि विमुक्त जमातींना जन्माने सवयीचे गुन्हेगार मानण्याच्या वृत्तीवरही बोट ठेवले. ज्या मुलाच्या पाठीवर चौकीच्या माराची तालीम झाली, त्याचे म्हणणे कायद्याच्या भाषेत पोचावयास इतकी वर्षे लागली.

परंतु समीक्षकाने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वेदनेचे बालपण आपोआप निर्मूलनाचा विचार देते, असे मानणे भोळेपणाचे होईल. तेच बालपण कुणाला नम्र कारकून करते, कुणाला कठोर अधीक्षक करते, कुणाला गप्प करते. वसाहतीत वाढलेल्या असंख्य मुलांनी काहीच लिहिले नाही. त्यांच्या मौनातून आपल्याला सोयीचा सिद्धान्त काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. अनुभव आणि श्रद्धा यांच्यामध्ये एक कृती असते: देणारा हात आणि मोजणारा हात एकच आहे हे ओळखण्याची, आणि तरीही दिलेली भाकरी व मोजदाद यांचा हिशेब वेगवेगळा मांडण्याची. ही कृती अवघड आहे. राग असला तर भाकरी विसरली जाते. कृतज्ञता असली तर मोजदाद विसरली जाते.

आपली समीक्षा ह्या पुस्तकांना बराच काळ 'सामाजिक दस्तऐवज' म्हणत आली. ह्या शब्दात आदर असला तरी तो त्यांना पुन्हा एका दप्तरातच ठेवतो. दस्तऐवज व्यवस्था ठेवते. ही पुस्तके त्या दस्तऐवजावर घेतलेली हरकत आहेत. तेव्हा त्यांच्या परीक्षणाचा निकष अनुभव किती भीषण आहे हा नसावा, आणि लेखकाची मते किती पुरोगामी आहेत हाही नसावा. घेतलेले आणि नाकारलेले यांचा हिशेब मुलाच्या नजरेने, उतावीळ निष्कर्ष न काढता, मांडला गेला आहे काय, हे पाहावे. 'उचल्या'च्या पूर्वार्धात तो मांडला गेला आहे, 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये तो वेगळ्या रीतीने मांडला गेला आहे. आज निरीक्षणगृहांत आणि बालगृहांत जी मुले वाढत आहेत, त्यांच्यापैकी कुणी उद्या लिहील. ते लेखन येईल तेव्हा त्याला कल्याणाचे प्रशस्तिपत्र किंवा क्रौर्याचा पंचनामा समजून वाचण्याची आपली जुनी सवय सुटलेली असावी, एवढी सिद्धता समीक्षेने आतापासून करावयास हवी.